कोतवाल बुकातला पणजोबा : अकोला-अमरावतीत जुने सरकारी कागद कसे शोधायचे, कसे मागायचे



बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण हाती येतात आणि मग कार्यकर्त्यांचे फोन वाजायला लागतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "दादा, व्हॅलिडिटीसाठी १९५० च्या आधीचा कागद कुठून आणायचा? आमच्याकडे तर काहीच नाही."

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत समाजकार्य करताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा अर्थ आता आम्हाला कळतो. घरात कागद नाही, एवढेच त्याचा अर्थ. सरकारच्या दप्तरात कागद नाही, असा त्याचा अर्थ नसतो. आपल्या पणजोबांना लिहिता येत नव्हते, पण त्यांच्याबद्दल लिहिणारे होते. मूल जन्मले, माणूस मेला, शाळेत नाव घातले, सरकारी जमिनीत नांगर घातला म्हणून दंड झाला, कोणाशी भांडण झाले म्हणून पोलिसांनी पकडले, या प्रत्येक प्रसंगी कोणीतरी वहीत नोंद केली आणि नावापुढे जात लिहिली. त्या वह्या कोणत्या, त्यांची नावे काय आणि त्या आज कुठे आहेत, हे माहीत नसल्यामुळे आपले अर्ज परत येतात. "माझ्या आजोबांच्या जातीचा पुरावा मिळावा" असा अर्ज घेऊन तहसीलमध्ये गेले की उत्तर ठरलेले असते : "असं काही नसते इथं." आणि तो कारकून खोटेही बोलत नसतो. कार्यालयात पुरावे ठेवलेले नसतात, वह्या ठेवलेल्या असतात. वहीचे नाव घेऊन मागितले तर वही निघते.

आधी १९५० चे काय ते समजून घेऊ. अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे. त्या तारखेला तुमचे कुटुंब कुठे राहत होते आणि कोणत्या जातीचे होते, हे दाखवावे लागते. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. म्हणून अनुसूचित जातीच्या माणसाला सगळ्यात जुना कागद शोधावा लागतो, आणि शिक्षण व जमीन सगळ्यात उशिरा मिळाली तीही त्यालाच. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या आठव्या कलमाने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. समिती तुमच्यासाठी शोधायला जाणार नाही. पुण्यात किंवा मुंबईत जन्मलेल्या मुलालाही कागदासाठी मूळ गावालाच यावे लागते, कारण १९५० ला कुटुंब तिथे होते.

दुसरी गोष्ट आपल्या तरुणांना खटकते, आणि खटकणे साहजिक आहे. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यामुळे १९५० च्या आधीच्या कोणत्याही कागदावर "बौद्ध" सापडणार नाही, "महार" सापडेल. काही मुले तो कागद पाहून म्हणतात की हे आम्हाला लावायचे नाही. आमचे म्हणणे असे की त्या वहीतला शब्द त्या काळच्या व्यवस्थेने लिहिला आहे, आपण नाही. आपण तो पुरावा म्हणून वापरतो, ओळख म्हणून नाही. कायद्याची बाजूही इथेच स्पष्ट करून घ्या. राज्य सरकारने धर्मांतरित बौद्धांना सवलती आधीच दिल्या होत्या. केंद्राच्या आदेशात मात्र १९९० च्या दुरुस्तीने हिंदू आणि शीख यांच्यासोबत बौद्ध हा शब्द आला. ही दुरुस्ती धर्माच्या अटीपुरती आहे. जात यादीतलीच असावी लागते, आणि महाराष्ट्राच्या यादीत महार ३७ व्या क्रमांकावर आहे. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते "बौद्ध" लिहिलेले असले की केंद्र सरकारच्या भरतीत अडचण येते ती यामुळे. मग आजोबांच्या नोंदीपासून आजच्या मुलापर्यंतची साखळी जोडून दाखवावी लागते.

शोध सुरू करण्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारा : वडिलांकडच्या रक्तनात्यात, म्हणजे काका, चुलतभाऊ, आत्या यांच्यापैकी कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळाले आहे का? मिळाले असेल तर अर्धे काम झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्येच सांगितले आहे की रीतसर चौकशीनंतर दिलेली जवळच्या नातेवाइकाची वैधता समितीने सहजासहजी बाजूला सारू नये. भाऊबंदकीच्या भांडणापायी चुलत्याकडे कागद न मागणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. धुऱ्याचे भांडण नंतर भांडता येते, प्रवेशाची मुदत थांबत नाही.

आता वह्यांकडे येऊ. आम्ही सगळ्यात आधी कोतवाल बुक शोधतो. विदर्भात गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीला कोतवाल बुक म्हणतात, सरकारी भाषेत गाव नमुना १४. आजच्या तलाठी दप्तरातला (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) चौदा नंबरचा नमुना पाणीपुरवठ्याचा आहे. त्यामुळे अर्जात नुसते "नमुना १४" लिहिले तर भलतेच उत्तर मिळू शकते. "जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, कोतवाल बुक, गाव नमुना १४" असे पूर्ण लिहा. या बुकांच्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळतात.

कोतवाल बुक वाचायची सवय करावी लागते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बरेचदा नसतेच. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते, म्हणून "मुलगा" किंवा "मुलगी" एवढेच लिहिलेले, पुढे बापाचे नाव आणि जात. आजोबांचे नाव शोधत पाने उलटली तर ते सापडणार नाही. पणजोबांचे नाव शोधायचे आणि आजोबांच्या जन्मवर्षाच्या मागचीपुढची दोन-तीन वर्षे पाहायची. मृत्यूच्या नोंदीत मात्र मेलेल्या माणसाचे नाव असते. पणजोबा किंवा पणजी १९५० च्या आधी वारल्या असतील तर ती नोंद आधी शोधा. आडनाव बहुधा नसते. अमुक वल्द तमुक महार, एवढीच ओळख. आपल्या अनेक घरांना आडनाव शाळेत नाव घालताना लागले. त्यामुळे कोतवाल बुकात आडनाव नाही म्हणून निराश होऊ नका, पण एकाच नोंदीवर विसंबूनही राहू नका. आडनाव असलेला पुढचा एखादा कागद, ज्यात आजोबांच्या नावापुढे पणजोबांचे तेच नाव आहे, तो मधला दुवा म्हणून लागतो. गणू, गणपत, गनपत हे एकच माणूस आहेत हे घरच्यांना माहीत असते, समितीला नसते. वंशावळीच्या शपथपत्रात हे नावासकट लिहून द्या.

काही जुनी पाने मोडी लिपीत आहेत. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेऊन त्याचे प्रमाणित लिप्यंतर जोडावे लागते. आपल्या विहारांमधून पाली शिकवली जाते, चांगलेच आहे. एखाद्या उन्हाळ्यात मोडीचाही वर्ग घ्यावा असे आम्हाला फार वाटते.

दुसरी वही शाळेची. हिला आपल्याकडे दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. आजोबा एक इयत्ता शिकून शाळा सोडून गेले असले तरी त्यांचे नाव त्यात असते, जन्मतारीख आणि जातीसकट. अडचण शाळेच्या नावात आहे. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा होत्या आणि त्याआधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल. तेव्हा "आजोबा जिल्हा परिषद शाळेत शिकले" हे वाक्य १९४५ साठी खरे असू शकत नाही. आज शाळा त्याच इमारतीत असेल, तर रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असण्याची शक्यता आहे. शाळा बंद होऊन दुसरीत मिळवली असेल तर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा की दप्तर कुठे गेले. नुसता दाखला घेऊ नका, रजिस्टरच्या त्या पानाची प्रमाणित प्रतही घ्या. दाखला आज लिहिला जातो, पान तेव्हाचे असते. समिती पानाला जास्त मान देते आणि ते योग्यच आहे.

बाकीच्या वह्यांची यादी सरकारनेच २०२३ मध्ये आपल्यासाठी तयार करून ठेवली, फक्त ती आपल्यासाठी नव्हती. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि सारे प्रशासन कामाला लागले. महसूल खात्याची खासरा पत्रके, पाहणी पत्रके, क पत्रके, कुळ नोंदवह्या, १९५१ चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर, हक्क नोंदणी पत्रके. भूमी अभिलेख खात्याचे पक्के बुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर. पोलिसांची क्राईम रजिस्टरे, अटक पंचनामे. कारागृहाची कच्च्या कैद्यांची रजिस्टरे. दुय्यम निबंधकांकडची जुनी खरेदीखते. हे सगळे काही महिन्यांत बाहेर निघाले, मोडी वाचणारे बसवले गेले, पाने स्कॅन झाली. कुणब्यांच्या नोंदी शोधल्या याबद्दल आमची तक्रार नाही. ज्याचा कागद त्याला मिळावा. पण ज्या पानावर कुणब्याची नोंद सापडली त्याच पानावर दोन ओळी खाली महाराची, मांगाची, चांभाराची नोंद होती, आणि ती पाहायला कोणी सांगितले नव्हते. तरी एक फायदा झाला. "एवढे जुने रेकॉर्ड आमच्याकडे नाही" असे आता कोणत्याही कार्यालयाला सहज म्हणता येत नाही. अर्जात त्याच वह्यांची नावे लिहा.

यातल्या १९५१ च्या रजिस्टरबद्दल एक सावधगिरी. ते उपयोगी आहे, पण १९५० च्या तारखेनंतरचे आहे. दुवा म्हणून जोडा, एकमेव आधार म्हणून नको. आणि जनगणनेचा घरोघरचा फॉर्म मागण्यात वेळ घालवू नका. जनगणना कायद्याने ती कागदपत्रे पाहायला मिळत नाहीत.

कुठे जायचे हे ठरवण्याआधी गाव जुन्या काळी कोणत्या तालुक्यात होते ते पाहा. वऱ्हाडात इथेच निम्मे लोक भटकतात. तेल्हारा आज तालुका आहे, जुन्या कागदांत ते अकोट तालुक्यात आहे. भातकुलीची गावे अमरावती तालुक्यात शोधायची, वरूडची मोर्शीत, अंजनगाव सुर्जीची दर्यापुरात. अचलपूरचे जुने नाव इलिचपूर. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी वाशीम आणि मंगरूळपीर अकोला जिल्ह्यातच होते. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, नंतरच्या मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. म्हणून सचिवालय पातळीवरचे जुने कागद मुंबईत नव्हे तर नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधायचे. अर्जात नेहमी दोन्ही लिहा : आजचा तालुका आणि जुना तालुका.

घरबसल्या होणारा शोध आधी करा. महसूल खात्याने जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन ठेवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या सात जिल्ह्यांत अकोला आणि अमरावती होते. महाभूमीच्या संकेतस्थळावर जुन्या अभिलेखांचा विभाग आहे. तिथे जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून गट नंबर किंवा सर्व्हे नंबरने शोधता येते. जमिनीच्या कागदांसाठी हे फार चांगले आहे. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्यासाठी अर्थातच कमी उपयोगाचे, आणि आपल्यातले बहुतेक तसेच होते.

ऑनलाइन नाही सापडले तर कार्यालयात. इथे तरुण कार्यकर्ते लगेच माहितीच्या अधिकाराचे शस्त्र काढतात. आमचा सल्ला वेगळा आहे. आधी साधा नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३२७ व्या कलमाने जमिनीचे अभिलेख पाहण्याचा आणि त्यांच्या प्रमाणित नकला घेण्याचा हक्क लोकांना आहे. नकलेचा अर्ज हे त्या खिडकीचे रोजचे काम आहे, तो पुष्कळदा आठवड्या-पंधरवड्यात निकालात निघतो. माहिती अधिकाराचा अर्ज आला की तीच फाइल साहेबांच्या टेबलावर जाते आणि तीस दिवस तिथे बसू शकते. नकलेच्या अर्जाला पोच मिळाली नाही, किंवा "शोधून सांगतो" म्हणत महिना गेला, की मग माहिती अधिकार.

त्याच्याही आधी एक मधला मार्ग आहे, जो फार थोड्यांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. त्या सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा, कारण खिडकीवरच्या माणसाला ते बरेचदा माहीत नसते. एका तहसीलमध्ये आम्हाला ऐकायला मिळाले, "रेकॉर्ड लय जीर्ण झालं हाये, हात लावला का फाटते, पुढच्या सोमवारी या." पुढच्या सोमवारी आम्ही सुती हातमोजे घेऊन गेलो. त्यानंतर त्या कक्षातल्या माणसाने स्वतःच गठ्ठे काढून दिले, आणि कोणत्या गावाचे बुक कोणत्या गठ्ठ्यात आहे हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. अभिलेख कक्षातला माणूस बरेचदा कंत्राटी असतो, धुळीत दिवस काढतो आणि पहिल्याच वाक्यात कायद्याची धमकी ऐकून कंटाळलेला असतो. त्याच्याशी नीट बोला. संघर्ष करायची वेळ आली तर तो वरच्या माणसाशी करायचा.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. केंद्राचा कायदा २००५ चा, राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज जोडपत्र "अ" मध्ये, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून एक अट आहे : एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. ही अट वाईट हेतूने आली असेल, पण आपल्या कामाला ती अडचण नाही, उलट नेमके मागायची सवय लावते. आम्ही वापरतो तो मजकूर जवळपास असा असतो :

"मौजे अमुक, आजचा तालुका तेल्हारा, जुना तालुका अकोट, जिल्हा अकोला येथील जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४, सन १९३० ते १९५० ची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. पाहणीत निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. सदर नोंदवही आपल्या कार्यालयात नसल्यास ती कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या दिनांकास वर्ग केली त्या यादीची प्रत द्यावी. नोंदवही नष्ट केली असल्यास नष्ट करण्याच्या आदेशाची व संबंधित नोंदीची प्रत द्यावी."

शेवटची दोन वाक्ये कधीही गाळू नका. "अभिलेख उपलब्ध नाही" हे तीन शब्दांचे उत्तर त्या दोन वाक्यांपुढे टिकत नाही. वही वर्ग केली असेल तर यादी असते, नष्ट केली असेल तर आदेश असतो. सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ म्हणजे कायम जपायचे, ब म्हणजे तीस वर्षे, तिथून खाली ड पर्यंत, जे वर्षभरात काढून टाकता येते. प्रत्येक वर्गाचे नष्ट करणेही कागदावर होते. यादीही नाही आणि आदेशही नाही असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ वही हरवली असा होतो, आणि सरकारी अभिलेख हरवणे हे वेगळे प्रकरण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ च्या नवव्या कलमात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे कलम पहिल्या अर्जात लिहू नका, अपिलात लिहा.

काही ठिकाणी आता नवे कारण ऐकू येते : ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलून अधिक कडक केले, त्यामुळे हे उत्तर वाढणार आहे. त्यावर उत्तर त्याच आठव्या कलमात आहे. पोटकलम ३ सांगते की अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षांआधी घडलेल्या गोष्टीची माहिती काही मोजके अपवाद वगळता द्यावी लागते, आणि वैयक्तिक माहिती हा त्या मोजक्या अपवादांपैकी नाही. १९४२ ची जन्मनोंद वीस वर्षांच्या किती तरी पलीकडची आहे. तरीही अर्जासोबत वंशावळ आणि स्वतःचे ओळखपत्र जोडले तर वाद निघायच्या आधीच मिटतो.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर सहाव्या कलमाने त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा आहे. "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून परत केला तर घेऊ नका. उत्तराची मुदत तीस दिवस. मुदत उलटली तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते, एरवी पानाला दोन रुपये. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क आहे. उत्तर नाही आले किंवा पटले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, वीस रुपयांचे तिकीट. तिथेही न्याय नाही झाला तर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे. आपल्या विभागासाठी आयोगाचे खंडपीठ अमरावतीलाच आहे, मुंबईला जावे लागत नाही. आयोग माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड करू शकतो. पण दुसऱ्या अपिलाचा नंबर लागायला प्रवेशाचे वर्ष निघून जाते. म्हणून आम्ही पालकांना सांगतो की मूल आठवीत गेले की शोध सुरू करा. ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभे राहू इच्छिणाऱ्यांनीही हेच करावे. निवडून येऊन मुदतीत वैधता दिली नाही म्हणून पद गेले की गावातले लोक सरपंचाला हसत नाहीत, साऱ्या वस्तीला हसतात.

जातीच्या कागदाइतकेच महत्त्वाचे आणि त्याहून दुर्लक्षित कागद जमिनीचे आहेत. वऱ्हाडात गायरानाला ई-क्लास म्हणतात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून आपली माणसे या जमिनी मागत आणि कसत आली आहेत. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी केलेली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट दिली. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना काही प्रमाणात पट्टे मिळाले. ज्यांच्याकडे नव्हता ते आजही कसतात आणि दर काही वर्षांनी नोटीस घेतात. अशा कुटुंबांनी गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि त्या वर्षांची पेरेपत्रके यांच्या प्रमाणित नकला आजच काढून ठेवाव्यात. घरातल्या ट्रंकेत दंडाच्या जुन्या पावत्या असतील तर त्या फेकू नका. तेव्हा तहसीलदाराने बापाला दंड केला होता. बाप त्या साली ती जमीन कसत होता, हे त्याच पावतीवर सरकारी शिक्क्यासह लिहिलेले आहे.

स्मशानभूमी, वस्तीकडे जाणारा रस्ता, पाण्याची जागा यांचा वाद असेल तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन नावे लक्षात ठेवा. गावातल्या सरकारी जमिनीचा वापर कोणाला कशासाठी करता येतो आणि गावाच्या रूढ वहिवाटी काय, याची ही नोंद महसूल संहितेत खास विदर्भासाठी आहे. मयत रस्त्यात अडवल्यावर तहसील गाठण्यापेक्षा हे कागद आधी काढलेले बरे.

नक्कल हाती आली की तिच्यावरचा शिक्का, सही, तारीख आणि वहीचे नाव खिडकीवरच तपासा. शिक्का अर्धवट उमटला असेल तर तिथेच पुन्हा मारून घ्या. त्याच पणजोबांच्या त्याच नोंदीसाठी चार चुलतभावांनी चार वेगवेगळ्या वर्षी नव्याने शोध घेतल्याचे आम्ही पाहिले आहे, कारण पहिल्याने कुठून काढली ते कोणालाच आठवत नव्हते. म्हणून नकलेच्या झेरॉक्सवर मागे पेन्सिलने लिहून ठेवा : कार्यालय, गठ्ठा क्रमांक, बुकाचे साल, पान, ओळ. आणि त्याचा फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाका.